संत गोन्सालो गार्सिया : प्रार्थनेच्या वाटेने चाललेले वसईचे रक्तसाक्षी

परमेश्वर आपल्या लेकरांस हाती धरून चालवितो, हे आपण धर्मशिक्षणाच्या पहिल्या धड्यापासून शिकत आलो आहोत. सकाळी उठल्याबरोबर क्रुसाची खूण करावी, संध्याकाळी घरातील लहानथोरांनी एकत्र बसून जपमाळ म्हणावी, संकट ओढवले म्हणजे पवित्र साक्रामेंतापुढे गुडघे टेकून मन मोकळे करावे, ही आपल्या घराघरांतील रीत आहे. परंतु पुष्कळदा असे होते की, जे मागितले ते मिळत नाही. मुलाला नोकरी लागत नाही, अंथरुणास खिळलेला माणूस उठत नाही, जुळत आलेले लग्न मोडते. आणि मग मनात हळूच शंका शिरते की, देवाने आपले ऐकलेच नाही की काय. ही शंका नवी नाही, आणि केवळ उपदेशाच्या शब्दांनी ती फिटण्याजोगीही नाही. तिच्यापुढे एखादे जगून दाखविलेले आयुष्यच ठेवावे लागते.

धर्मग्रामाचा ज्युबिली महोत्सव म्हणजे देवाचे उपकार आठवण्याचा काळ. अशा प्रसंगी आपल्या महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर जन्मलेल्या एका संताची ओळख बारामती व इंदापूर तालुक्यांतील बंधुभगिनींना करून द्यावी, ह्या हेतूने हे अल्प चरित्र लिहिले आहे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे धर्मगुरू नव्हते, मोठे पंडित नव्हते, आणि त्यांनी एकही ग्रंथ लिहिला नाही. ते मिशनऱ्यांचे मदतनीस होते, पुढे व्यापारी झाले, त्यानंतर मठातील साधे व्रतस्थ बंधू झाले, आणि दुभाष्याचे काम करता करता क्रुसावर गेले. तथापि भारतभूमीत जन्मलेल्या ज्या व्यक्तीस ख्रिस्तसभेने सर्वांत प्रथम संतपद दिले, ती व्यक्ती हीच होय.

वसईचे बालपण

इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढे तेथे किल्ला उभा राहिला, तटाच्या आत मठ, शाळा व चर्चमंदिरे झाली, आणि वसई हे पश्चिम किनाऱ्यावरील ख्रिस्ती धर्माचे एक मोठे ठाणे बनले. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे पाय ह्या गावास लागले होते. तेच झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, जपानातील कागोशिमा येथे उतरले आणि त्या दूर देशात सुवार्तेचे पहिले बी त्यांनी पेरले. वसईहून जपानकडे जाणारी वाट अशी एका संताने आधीच मळून ठेविली होती.

ह्यानंतर काही वर्षांनी, इ. स. १५५६ च्या सुमारास, गोन्सालो ह्यांचा जन्म वसई भागात झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज होते आणि आई ह्याच भूमीतील होती. दोन रक्तांच्या अशा संततीस त्या काळी राज्यकर्त्यांच्या समाजात बरोबरीचे स्थान मिळत नसे, हे ध्यानात ठेविले पाहिजे. येशूसंघाच्या धर्मगुरूंनी वसईस जी शाळा चालविली होती, तीत गोन्सालो ह्यांचे शिक्षण झाले. फादर सेबॅस्टियन गोन्साल्विस हे त्यांचे गुरू व पालक होते. लिहिणे-वाचणे, धर्मशिक्षण, मिस्सेच्या वेळी वेदीची सेवा व नित्याची प्रार्थना ह्यांत त्यांचे बालपण गेले. मोठेपणी जे कामास आले त्याचा पाया ह्या साध्या शिक्षणाने घातला. कारण लहानपणी तोंडी बसलेली प्रार्थना माणसास शेवटपर्यंत सोडीत नाही.

जपानच्या वाटेवर

वयाच्या सुमारे पंधराव्या वर्षी गोन्सालो ह्यांनी येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानचा प्रवास केला. त्या काळचा हा प्रवास म्हणजे महिनोगणती समुद्रावर काढणे होते. शिडाचे जहाज वाऱ्याची वाट पाहत बंदरोबंदरी थांबे. वादळ, रोगराई व चाचे ह्यांतून जो वाचे तोच पैलतीरास लागे. आईचे घर, ओळखीची बोली, नारळी-पोफळीचा किनारा हे सर्व मागे टाकून हा मुलगा अशा देशात आला की, जेथील भाषा, अन्न, पोशाख व लिपी ह्यांपैकी काहीच त्याच्या परिचयाचे नव्हते.

परंतु देवाने त्यास भाषेची देणगी दिली होती. जपानी लोकांत मिसळून अल्पावधीतच ते त्यांची भाषा सफाईने बोलू लागले. धर्मगुरूंबरोबर गावोगाव जावे, मुलांस धर्मप्रश्नोत्तरे शिकवावी, नवख्यांस प्रार्थना सांगाव्या, मिस्सेची तयारी करावी, अशी सेवा त्यांनी कित्येक वर्षे केली. आज आपल्या धर्मग्रामांत जे काम कॅटेकिस्ट करतात तेच हे काम. त्यात मान थोडा आणि पायपीट फार. परंतु ह्याच पायपिटीत एक परकी भाषा त्यांची स्वतःची झाली. तिचा उपयोग पुढे कोठे व्हायचा आहे, हे त्या वेळी कोणास ठाऊक असणार?

न उघडलेले दार

ह्या सर्व सेवेच्या मुळाशी एक उत्कट इच्छा होती. आपणही येशूसंघाचे सदस्य व्हावे, ज्या धर्मगुरूंच्या छायेत वाढलो त्यांच्याच व्रतात आयुष्य घालवावे, असे गोन्सालो ह्यांना वाटत होते. इच्छा शुद्ध होती, सेवा प्रामाणिक होती, वर्षांमागून वर्षे गेली होती. तरी ते दार उघडले नाही.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करावा. वाईट गोष्ट मागितली आणि ती मिळाली नाही, तर मनुष्य लवकर समजूत घालून घेतो. परंतु देवासाठीच मागितलेली चांगली गोष्ट देवाने देऊ नये, हे सोसणे फार कठीण असते. अशा वेळी पुष्कळांचा विश्वास डळमळतो. कोणी चर्चमंदिराकडे पाठ फिरवितो, कोणी धर्मगुरूंवर रुसतो, कोणी प्रार्थनेचा नाद सोडून देतो. गोन्सालो हे परदेशात होते, तरुण होते, आणि घरची माणसे हजारो कोस दूर होती. रुसून बसण्यास त्यांच्याजवळ कारणे पुष्कळ होती.

त्यांनी काय केले? त्यांनी मिशनचे घर सोडले, परंतु देवाचे घर सोडले नाही. हाताशी जे होते त्यावर उभे राहून त्यांनी व्यापार मांडला. जपानी भाषा येत होती, लोकांत ओळख होती, आणि बोलण्यात सचोटी होती. त्यामुळे व्यापार भरभराटीस आला. पूर्व समुद्रातील बंदरांशी त्यांचे येणेजाणे सुरू झाले. जगाच्या दृष्टीने पाहता वसईच्या ह्या मुलाचे आता चांगले बस्तान बसले होते. त्यांनी तेथेच थांबून सुखाने संसार केला असता, तरी कोणी नावे ठेविली नसती.

तथापि ज्याने एकदा देवास आपले आयुष्य देऊ केले आहे, त्याचे देणे देव विसरत नाही. तो ते आपल्या वेळेस मागून घेतो, आणि आपण योजिलेल्या दाराने नव्हे, तर त्याने योजिलेल्या दाराने.

मनिलातील व्रतस्थ बंधू

व्यापाराच्या निमित्ताने गोन्सालो ह्यांचे फिलिपाइन्स बेटांतील मनिला शहरी जाणे होऊ लागले. तेथे त्यांची फ्रान्सिसकन संघाच्या साधूंशी ओळख झाली. अनवाणी चालणारे, अंगात जाडाभरडा झगा घालणारे, रोग्यांची व गरिबांची सेवा करणारे हे बंधू पाहून त्यांच्या मनातील जुनी हाक पुन्हा जागी झाली. ज्या पैशासाठी ते मनिलास गेले तो पैसा त्यांनी सोडून दिला, आणि इ. स. १५८७ च्या सुमारास त्यांनी ह्या संघात प्रवेश केला. तोही धर्मगुरू होण्यासाठी नव्हे, तर साधा बंधू म्हणून. व्यापाराचे दार उघडले ते ह्यासाठी होते, हे आता त्यांना दिसून आले असेल.

फ्रान्सिसकन संघातील साध्या बंधूंची प्रार्थना कशी असे, हे जाणून घेणे आपल्यासारख्या संसारी माणसांस फार उपयोगाचे आहे. संत फ्रान्सिस ह्यांच्या ज्या नियमावलीस पोप तिसरे होनोरियस ह्यांनी इ. स. १२२३ मध्ये मान्यता दिली, तीत धर्मगुरूंनी ग्रंथातील स्तोत्रे म्हणावी आणि ज्यांना ती म्हणता येत नाहीत अशा बंधूंनी त्यांच्या ठिकाणी प्रभूची प्रार्थना म्हणावी, असे सांगितले आहे. तिची संख्याही ठरवून दिली आहे. रात्रीच्या प्रार्थनेच्या जागी २४ वेळा, प्रभातस्तुतीच्या जागी ५ वेळा, दिवसाच्या चार प्रहरांच्या प्रार्थनांच्या जागी प्रत्येकी ७ वेळा, सायंप्रार्थनेच्या जागी १२ वेळा आणि निजण्यापूर्वी ७ वेळा. ह्या सर्वांची बेरीज ७६ होते.

म्हणजे दररोज ७६ वेळा हे बंधू स्वर्गातील पित्यास हाक मारीत. ७६ वेळा त्याची इच्छा पृथ्वीवर पूर्ण होवो असे मागत, ७६ वेळा केवळ त्या दिवसापुरती भाकर मागत, आणि ७६ वेळा दुसऱ्यांच्या अपराधांची क्षमा करण्याचे कबूल करीत. स्वयंपाक, झाडलोट, दाराशी आलेल्या भिकाऱ्याची विचारपूस, रोग्याच्या जखमा धुणे, ही कामे चालू असतानाच ही प्रार्थना चाले. काम असे करावे की त्याने प्रार्थनेचा दीप विझू नये, हीच संत फ्रान्सिस ह्यांची शिकवण होती. ज्यास लॅटिन येत नव्हते, ज्याच्यापाशी मोठा ग्रंथ नव्हता, त्यालाही ही वाट खुली होती. आणि आजही ती आपल्या सर्वांस तशीच खुली आहे.

राजदरबारातील दुभाष्या

त्या काळी जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी ह्या पराक्रमी पुरुषाच्या हाती होती. त्याने इ. स. १५८७ मध्येच मिशनऱ्यांनी देश सोडून जावे असे फर्मान काढले होते. परंतु त्याची अंमलबजावणी फारशी कडकपणे झाली नव्हती. पुढे फिलिपाइन्स बेटांनी आपले मांडलिकत्व स्वीकारावे अशी मागणी त्याने केली. तेव्हा मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने इ. स. १५९३ मध्ये फ्रान्सिसकन फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस वकील करून जपानला पाठविले. त्यांच्याबरोबर संघाचे आणखी तिघे गेले, आणि त्यांत बंधू गोन्सालो होते. कारण उघड होते. त्यांच्याइतकी जपानी भाषा जाणणारा मनुष्य संघात दुसरा नव्हता.

ज्या भाषेची पुंजी त्यांनी कॅटेकिस्ट म्हणून पायपीट करीत जमविली, जी त्यांच्या व्यापाराच्या दिवसांत अधिक घासूनपुसून लखलखीत झाली, तीच आता दोन राज्यांमध्ये पुलासारखी उभी राहिली. अनवाणी पायांचा, ठिगळ लावलेल्या झग्याचा हा वसईकर जपानच्या सर्वसत्ताधीशापुढे उभा राहून बोलला. दुभाष्याच्या कामात स्वतःचे काहीच नसते. दुसऱ्याचे शब्द विश्वासाने पोहोचवावे, त्यात आपले मीठमिरची घालू नये, ही त्याची मर्यादा. खऱ्या प्रार्थनेत मनुष्य देवापुढे अशीच मर्यादा पाळतो.

हिदेयोशीने त्यांना राहू दिले. इ. स. १५९४ मध्ये क्योतो नगरीत त्यांचा मठ व चर्चमंदिर उभे राहिले, आणि जवळच रोग्यांसाठी दोन रुग्णालये सुरू झाली. त्यांत महारोग्यांची सेवा विशेषेकरून होत असे. ज्यांना स्वतःच्या नातलगांनी घराबाहेर काढले होते त्यांच्या जखमा हे परके बंधू धूत असत. हे पाहून पुष्कळ जपानी स्त्रीपुरुष ख्रिस्तास शरण आले. त्यांतील कित्येक जण मठाच्या आसपास राहून ह्या सेवेस हातभार लावू लागले.

वादळात सापडलेले जहाज

इ. स. १५९६ च्या ऑक्टोबर महिन्यात सान फेलिपे नावाचे एक मोठे स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोस जात असता वादळात सापडले आणि जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. जहाजावरील बहुमोल माल जप्त करण्यात आला. त्यावरून कलह वाढला. मिशनरी पुढे येतात आणि मागाहून फौजा येऊन राज्य घेतात, असे बोलणे हिदेयोशीच्या कानी गेले. त्याचा क्रोध भडकला, आणि मिशनऱ्यांस व त्यांच्या अनुयायांस पकडण्याचा हुकूम सुटला. डिसेंबर महिन्यात क्योतोच्या मठाभोवती पहारे बसले.

ह्याच जहाजावर फेलिपे दे हेसूस नावाचे एक तरुण फ्रान्सिसकन बंधू होते. ते मूळचे मेक्सिकोचे, आणि धर्मगुरुपदाची दीक्षा घेण्यासाठी स्वदेशी परत चालले होते. वादळाने त्यांना भलत्याच किनाऱ्यावर आणून टाकिले, आणि जी दीक्षा ते घेण्यास निघाले होते तिच्याऐवजी त्यांना रक्ताची दीक्षा मिळाली. वसईचा एक आणि मेक्सिकोचा एक, असे पृथ्वीच्या दोन टोकांचे दोघे बंधू एकाच मठात कैदी झाले. दोघांनीही ती वाट स्वतः निवडलेली नव्हती. परंतु दोघांनीही आधीच आपली इच्छा पित्याच्या इच्छेत मिळवून टाकिली होती.

महिनाभराची पायवाट

इ. स. १५९७ च्या जानेवारीच्या आरंभी क्योतो येथे चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला, आणि लोकांस दहशत बसावी म्हणून त्यांना गाड्यांत घालून शहरांतून फिरविण्यात आले. नंतर भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. शेकडो मैलांची ती वाट सुमारे महिनाभर चालली होती. वाटेत त्यांची काळजी घेण्यास आलेल्या दोघा ख्रिस्ती जनांनाही पकडण्यात आले, आणि संख्या सव्वीस झाली. त्यांत फ्रान्सिसकन संघाचे सहा, येशूसंघाचे तीन आणि सतरा प्रापंचिक जन होते. त्या सतरांत सुतार होते, स्वयंपाकी होते, धर्मशिक्षक होते आणि लहान मुलेही होती. लुई इबाराकी हा बारा वर्षांचा, अंतोनी हा तेरा वर्षांचा, आणि थॉमस कोझाकी हा चौदा वर्षांचा. थॉमसचे वडील मायकल हेही त्याच साखळीत होते. ह्या मुलाने वाटेत आपल्या आईस पत्र लिहून तिचे सांत्वन केले होते.

येथे देवाच्या योजनेतील आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तरुणपणी गोन्सालो ह्यांना येशूसंघाचे दार उघडले नव्हते. आता त्याच संघाचे पॉल मिकी, जॉन गोतो व जेम्स किसाई हे त्यांच्या बरोबरीने त्याच वाटेने चालत होते. संघ निराळे, झगे निराळे; परंतु क्रूस एकच होता.

क्रुसावरील प्रार्थना

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस एका रांगेत उभे करण्यात आले. समोर शहर व समुद्र, आणि सभोवार लोकांची गर्दी. प्रत्येकास दोरांनी व लोखंडी कड्यांनी क्रुसास जखडून क्रूस उभारण्यात आला. पॉल मिकी ह्यांनी क्रुसावरून लोकांस शेवटचा उपदेश केला व आपल्या मारेकऱ्यांस क्षमा केली. बाल अंतोनीने स्तोत्र गाइले.

बंधू गोन्सालो ह्यांनी त्या वेळी काय केले, हे समकालीनांनी लिहून ठेविलेल्या वृत्तांतात नमूद आहे. त्यांनी उपदेश केला नाही, की आपल्या निर्दोषपणाची साक्ष काढली नाही. ते मोठ्या आवाजात प्रभूची प्रार्थना व नमो मारिया पुनःपुन्हा म्हणत राहिले. वसईच्या शाळेत लहानपणी शिकलेली, जपानी मुलांस शिकविलेली, मठात दररोज म्हटलेली ती प्रार्थना त्यांनी क्रुसावरही चालूच ठेविली. मग भाले चालले, आणि ज्या पित्यास ते हाक मारीत होते त्याच्या घरी ते पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय चाळीस वर्षांच्या आसपास होते.

प्रार्थनेने आपणास मार्ग दिसावा, असे आपण म्हणतो. परंतु मार्ग दिसणे म्हणजे पुढचे सर्व आधी कळणे नव्हे. गोन्सालो ह्यांना जहाजात बसताना जपान कळले नव्हते, व्यापार मांडताना मनिला कळले नव्हते, आणि राजदरबारात उभे राहताना निशिझाका टेकडी कळली नव्हती. त्यांना प्रत्येक दिवशी त्या दिवसापुरती वाट कळली, जशी त्या दिवसापुरती भाकर मिळते. आणि ती वाट सुखाच्याच ठिकाणी जाईल असे वचन देवाने त्यांना दिले नव्हते. तो बरोबर असेल, एवढेच वचन होते.

रक्ताचे बीज

पोप आठवे अर्बन ह्यांनी इ. स. १६२७ मध्ये ह्या रक्तसाक्ष्यांस धन्य म्हणून घोषित केले. इ. स. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर किल्ल्यातील पोर्तुगीज सत्ता संपली आणि तेथील मठ-मंदिरे हळूहळू ओस पडली. परंतु भोवतालच्या गावांतील ख्रिस्ती लोकांनी आपला विश्वास जतन करून ठेविला. पुढे ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी सव्वीसही रक्तसाक्ष्यांस संतपद दिले. आज वसईत ह्या संताच्या नावाने चर्चमंदिर आहे, महाविद्यालय आहे, आणि ख्रिस्तसभा ६ फेब्रुवारी रोजी ह्या रक्तसाक्ष्यांचा सण पाळते.

जपानमध्ये तर ह्याहून आश्चर्याची गोष्ट घडली. पुढील छळात तेथे एकही धर्मगुरू उरला नाही. दोनशे वर्षांहून अधिक काळ साध्या शेतकऱ्यांनी व कोळ्यांनी आपल्या मुलांस गुप्तपणे बाप्तिस्मा दिला आणि प्रार्थना शिकविल्या. नागासाकीस ह्या सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नावे नवे चर्चमंदिर बांधण्यात आले, तेव्हा १७ मार्च १८६५ रोजी त्यांपैकी काही जण तेथे आले आणि आपण त्याच विश्वासाचे आहोत असे त्यांनी तेथील फ्रेंच धर्मगुरूस कळविले. मिस्सा नाही, धर्मगुरू नाही, उघड मंदिर नाही. केवळ पिढ्यान्‌पिढ्या घरात म्हटलेली प्रार्थना होती, आणि तिनेच त्यांना वाट दाखविली.

आपल्या पुणे धर्मप्रांताचाही ह्या देशाशी एक ऋणानुबंध आहे. ज्यांनी १९०३ साली त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ येथे निरोप्या हे मराठी मासिक सुरू केले, ते येशूसंघाचे जर्मन धर्मगुरू फादर हेन्री डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धामुळे त्यांची व पुण्याची ताटातूट झाली. १९२१ मध्ये त्यांची नेमणूक जपानातील हिरोशिमा येथे झाली. आणि १९२७ मध्ये देवाने त्यांना पुन्हा पुण्यास आणिले, ते १९४८ पर्यंत येथील मेंढपाळ राहिले. एक दार बंद, दुसरे उघडे, आणि पुन्हा पहिले उघडे, अशी देवाची रीत आपल्या धर्मप्रांतानेही अनुभवली आहे.

आपणांस काय शिकावयाचे

आपला प्रदेश मूळचा अवर्षणाचा. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून आले आणि बारामती-इंदापूरच्या माळावर ऊस उभा राहिला. कालव्याच्या शेवटास ज्याचे शेत आहे, त्याने भाटघरचे धरण कदाचित कधी पाहिलेही नसेल. पाणी किती सोडावे, पाळी केव्हा यावी, हे त्याच्या हाती नाही. त्याच्या हाती एवढेच आहे की, आपली चारी साफ ठेवावी आणि पाळी येईल तेव्हा, मग ती मध्यरात्री का येईना, खोरे घेऊन दारे धरण्यास हजर राहावे. ज्याची चारी गवताने बुजली आहे, त्याच्या बांधावरून पाणी निघून जाते आणि शेत कोरडेच राहते.

नित्याची प्रार्थना म्हणजे ही चारी साफ ठेवणे होय. कृपेचे पाणी देवाचे आहे, त्याची वेळही देवाची आहे. आपण मात्र हजर असले पाहिजे. कारखान्याच्या पाळीवरून थकून आलेल्या बंधूस, पहाटे डबा करून मजुरीस निघणाऱ्या भगिनीस, गळीत हंगामात पालावर राहणाऱ्या कुटुंबास लांब प्रार्थना जमणार नाही. न जमली तरी चालेल. उसाच्या सरीत वाकलेले असता, बसच्या थांब्यावर उभे असता, आजाऱ्याच्या उशाशी बसले असता प्रभूची एक प्रार्थना मनापासून म्हणता येते. संत गोन्सालो ह्यांनी ती ७६ वेळा म्हटली. आपण ७ वेळा तरी म्हणू या.

दुसरी गोष्ट ही की, दार उघडले नाही म्हणजे देवाने टाकिले असे समजू नये. उजनीचे धरण झाले तेव्हा इंदापूर तालुक्यातील कित्येक गावांस आपली जुनी घरे पाण्याखाली सोडून वर यावे लागले. अशा वेळचे दुःख खोटे नसते, आणि त्यास देवाची इच्छा म्हणून चटकन नाव देऊन मोकळे होणेही बरे नव्हे. रडावे, देवापुढे गाऱ्हाणे मांडावे, न्याय मागावा. परंतु त्याच्याशी बोलणे थांबवू नये. जो बोलणे थांबवीत नाही त्याला पुढचे पाऊल सापडते.

तिसरी गोष्ट, आपल्या साध्या कामास हलके लेखू नये. कॅटेकिस्टची पायपीट, व्यापाऱ्याची सचोटी, एक परकी बोली, ह्यांतून देवाने एक संत घडविला. आपल्या मुलांस आज शाळेत, शेतात वा कारखान्यात जे शिकावे लागत आहे, त्याचा देव उद्या कोठे उपयोग करील हे आपणांस सांगता येत नाही.

ज्यांनी ऊन-पावसात चालत येऊन ह्या भागात सुवार्ता आणिली, आणि ज्या आईबापांनी चिमणीच्या उजेडात आपल्या लेकरांस क्रुसाची खूण शिकविली, त्यांचे स्मरण ह्या ज्युबिलीच्या दिवशी कृतज्ञतेने करू या. वसईचे संत गोन्सालो स्वर्गातून आपणांसाठी विनंती करोत. आपल्या घरांतील सायंप्रार्थना कधी बंद न पडो. आणि ज्या वाटेने पिता नेईल त्या वाटेने, मागे न वळता, चालण्याचे बळ तो आपणा सर्वांस देवो. आमेन.